अकराची भाकरी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, ६ मार्च १९९४

चि. बाळूस,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे खुशाल असाल. कुमुदच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला असेल, नसेल तर उगाच चोळत बसू नये, डॉक्टरला दाखवावं. इकडे ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. पाणी दिवसाआड येतं आणि वारा फिरला की कळंबोलीच्या ट्रकांची धूळ थेट स्वयंपाकघरात. माझी प्रकृती उत्तम. डोळाही छान झालाय. नव्या चष्म्याने हे एवढं बारीक अक्षर सरळ ओळीत काढते आहे, यावरून तुला कळेलच.

हे पत्र अनुयाच्या हातीच पाठवते आहे. आत्ता ती माझ्या खाटेवर गाढ झोपली आहे. सकाळी आली, तुझा निरोप दिला, पोटभर जेवली आणि पंख्याखाली आडवी झाली. उन्हं उतरली की तिला ठाण्याच्या गाडीत बसवून देईन. निरोपाचं उत्तरही तिच्याच तोंडी पाठवता आलं असतं, पण लग्न दोन महिन्यांवर आलेल्या पोरीने बाप आणि आत्या यांच्यामध्ये टपाल वाहावं हे मला पटलं नाही. तू पाठवलंस, मी पाठवणार नाही.

तुझा निरोप मला नीट समजला. लग्नाला मी चार दिवस आधी यावं, रुखवताचं बघावं, पण एकटीने यावं. व्याह्यांसमोर 'तो विषय' काढू नये. कुणी विचारलंच तर आत्याबाई शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या, एवढंच सांगायचं. निरोप सांगताना अनुयाची मान खाली होती. तो तू तिच्याकडून पाठ करून घेतला असावास, कारण माझी अनुया 'तो विषय' असलं काही बोलत नाही.

उत्तर देण्याआधी तुम्ही दोघं आला होतात त्या रविवारचं थोडं बोलते. तुम्ही न कळवता आलात याबद्दल माझी काही तक्रार नाही. भावाने बहिणीकडे कळवून का यावं? दार उघडंच होतं. घरत ओट्याशी होते, अंगात बनियन, कमरेला पंचा, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. तव्यावर अंड्याची पोळी होती. कुमुदने पदर नाकाला लावला तो मी पाहिला. तिने मला विचारलं, "वन्सं, स्वयंपाकाला माणूस ठेवलात होय?" आणि मी तोंड उघडायच्या आत घरतच म्हणाले, "हो वहिनी. भाकऱ्या करायला येतो मी."

बाळू, ते असं का म्हणाले हे मला तेव्हाच कळलं होतं. मला सुटायला त्यांनी वाट करून दिली होती. मी नुसतं 'बसा, चहा टाकते' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही चहा घेऊन, लग्नाची तारीख सांगून गेला असतात, आणि आज अनुयाला हेलपाटा पडला नसता.

मी म्हटलं, "कुमुद, हे स्वयंपाकी नाहीत. हे माझे यजमान. डिसेंबरात आम्ही लग्न केलं."

पुढचं तुला माहीत आहे. या वयात? लोक काय म्हणतील? आणि शेवटी, "निदान आपल्यातला तरी बघायचास." हे शेवटचं तू खालच्या आवाजात बोललास, पण स्वयंपाकघर आठ फुटांचं आहे, त्यांना ऐकू गेलंच. त्यांनी विस्तवावरची भाकरी उतरवली, ताटलीत ठेवली, शेजारी वालाची उसळ वाढली आणि ताटली तुझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "उन्हातून आलात. दोन घास खाऊन मग बोला." तू ती ताटली हाताने मागे सारलीस. उसळीचं पाणी फरशीवर सांडलं. मग जिन्यात तुमच्या चपला वाजल्या. कुमुदने एकदा मागे वळून पाहिलं, तू पाहिलं नाहीस.

तू जे बोललास त्याचं मला फार वाटलं नाही. साठीला आलेल्या बहिणीने लग्न केलं तर भाऊ आणखी काय बोलणार? पण गरम भाकरी मागे सारलीस ते मला लागलं. आईच्या हाताखाली वाढलेला माणूस तू.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की हे सगळं कसं आणि कधी घडलं, आणि आम्हाला कसा पत्ता लागला नाही. त्या पत्राला मी 'सविस्तर नंतर लिहीन' एवढंच उत्तर दिलं. पुढे लिहिलं नाही, कारण सांगायला लागले तर तुझं नाव मध्ये येतं. तुझ्यावर बोट ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आजही ठेवत नाही. फक्त घडलं तसं सांगते, कारण आता अर्धवट सांगून चालणार नाही.

गणपतीनंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं, तुला माहीत आहे. तू येणार होतास. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं की सोबत कुणीतरी हवं, डोळ्यावर पट्टी असताना एकट्याने घरी जाऊ देणार नाहीत. मी नर्सला म्हटलं, माझा भाऊ येतोय ठाण्याहून. दुपार झाली. नर्सने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, येतोय. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते. त्यांचा डोळा आधीच झाला होता, ते दाखवायला आले होते. त्यांचा नंबर होऊन गेला तरी ते उठले नाहीत. तिसऱ्यांदा नर्स आली तेव्हा ते तिला म्हणाले, "मी हाय यांच्यासोबत." मला म्हणाले, "बाई, भाऊ येईल तो घरी येईल. इथं बसून काय करता?"

तो आवाज कुणाचा ते मला दिसत नव्हतं. एक डोळा बांधलेला, दुसऱ्यानं सगळं धुरकट. त्यांनी रिक्षा आणली, मला तीन जिने कोपराला धरून वर आणलं, शेजारच्या मराठे काकूंना बोलावलं, मी घरात शिरले आणि ते दारातूनच परत गेले. नाव काकूंनी विचारलं म्हणून कळलं. शिवराम घरत, उरणच्या रस्त्यावरच्या एका गावातले. मिठागरांवर काम केलेला माणूस, पुढे एसटीत कंडक्टर, आता निवृत्त.

तू त्या दिवशी का आला नाहीस ते मला दुसऱ्या दिवशी काकूंच्या फोनवर कळलं. अनुयाला बघायला मंडळी आली होती. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही पोरीचंच बघितलं असतं. पण तू म्हणालास, पुढच्या रविवारी नक्की येतो. तो रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग तुझं पत्र आलं, त्यात स्थळ पक्कं झाल्याचा आनंद होता, सगळ्यांचे कपडे, मानपान, हॉल. डोळ्याचं विचारायचं राहून गेलं होतं. हे लिहिणार नव्हते, पण लिहून झालं. आता खोडत नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं: महिनाभर विस्तवाजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. मला वाटलं, पाव-दूध खाऊन दिवस काढू. दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. घरत. हातात पिशवी, पिशवीत तांदळाचं पीठ, सोललेले वाल, कांदे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी. त्यांची बस पनवेलला पोचते, तिथून ते चालत येतात, तोवर माझा नुसता चहा झालेला. मी विचारलं, तुम्हाला गॅसवर करता येईल का? ते म्हणाले, "बायको माझी लई वरसं अंथरुणात व्हती. मला सगलं येतं."

आणि त्यांना येतं, बाळू. आधण उकळलं की त्यात पीठ टाकतात, झाकून ठेवतात, मग परातीत गरम गरमच मळतात. मी आयुष्यभर थंड पाण्यात पीठ भिजवून तुटक्या भाकऱ्या केल्या आणि शाळेच्या घाईला दोष दिला. त्यांची भाकरी पाण्याचा हात फिरवला की कडेपर्यंत पातळ होते आणि विस्तवावर टाकली की टम्म. वालाला कांदा, लसूण, थोडं खोबरं, बास. अंडी मी कधी घरात आणली नव्हती हे तुला माहीत आहेच. डॉक्टर म्हणाले खा, मी म्हटलं करा. आता रविवारी अंड्याची पोळी लागतेच. हो, माझ्या ओट्यावर. आईचा फोटो त्याच भिंतीवर आहे आणि तो अजून पडलेला नाही.

महिनाभर ते रोज येत राहिले. सगळं होऊन पानं मांडेपर्यंत अकरा वाजायचे. न्याहारीची वेळ गेलेली, जेवणाची झालेली नसते. अनुया म्हणते, मोठ्या हॉटेलांत याला ब्रंच म्हणतात. आम्ही काहीच म्हणत नाही. पहिल्या दिवशी मी खाऊ लागले आणि बघते तर ते ओट्याशी उभे. मी म्हटलं, तुमचं पान? ते म्हणाले, तुमचं होऊ दे. मी घास खाली ठेवला आणि म्हटलं, असं मी जेवत नसते. तेव्हापासून समोरासमोर बसून जेवतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या घरात दुसरं पान मांडलं गेलं नव्हतं.

पट्टी निघाली, महिना संपला, मी विस्तवाजवळ जाऊ लागले. त्यांना यायचं काही कारण उरलं नाही. तरी ते रविवारी यायचे. मराठे काकू आधी बघायच्या, मग बोलायच्या, मग एका रविवारी वाटी घेऊन उसळ मागायला आल्या.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ते आले नाहीत. अकरा वाजले, बारा वाजले. मी पीठ काढून ठेवलं होतं. भूक लागली होती, हातपाय धड होते, भाकरी मला येत होती. पण मी केली नाही. गॅलरीत जाऊन बघून यायची आणि परत बसायची. एकदा मनात आलं, हे काय चाललंय माझं? एकटीनं जेवण्यात माझा जन्म गेला आणि आज घास उतरत नाही? दीड वाजता ते आले. बस बंद पडली होती, अर्धी वाट चालत, अर्धी दुधाच्या टेम्पोतून. दारातच विचारलं, "बाई, जेवलात?" मी म्हटलं, नाही.

त्या दिवशी जेवताना मीच विचारलं. कुमुदला हे मुद्दाम सांग, म्हणजे त्या माणसाने बाईला भुलवलं असं तिने कुणाला सांगायला नको. मी विचारलं, आपण लग्न करू या का? त्यांनी आधी माझ्या पानात भाकरी वाढली. मग म्हणाले, माझ्या पोरांना विचारतो. विचारलं. थोरला महिनाभर बोलला नाही. सून, भामा तिचं नाव, तिने मात्र वालाची पिशवी भरून दिली आणि म्हणाली, बाबांना तिकडं जेवल्याशिवाय धाडू नका. अलिबागला जाऊन रजिस्टर केलं. साक्षीला मराठे काकू आणि त्यांचे यजमान, आणि भामा.

म्हणजे बघ, ज्या दिवशी तुझ्याकडे ती मंडळी अनुयाला बघायला आली, त्याच दिवशी दवाखान्याच्या बाकावर माझंही जमलं. एकाच दिवसाने दोन लग्नं ठरली. एक पत्रिकेवर छापायचं आणि दुसरं लपवायचं, हा न्याय मला मान्य नाही.

आता आजचं सांगते. अनुयाने तुझा निरोप दिला तेव्हा घरत आत भाकरी थापत होते. थापण्याचा आवाज थांबला. ते हात पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमी जा. भाची हाय तुमची. माझ्यापायी पोरीच्या लग्नात वाकडं नको." अगदी मनापासून म्हणाले. रागाचा लवलेश नाही. मला त्यांचा नाही, तुझा राग आला. त्या रविवारी स्वतःला स्वयंपाकी म्हणवून घेतलं, आज स्वतःला वगळून घ्यायला तयार. किती वेळा या माणसाने माझ्यासाठी बाजूला व्हायचं?

मी म्हटलं, "तुम्ही नाही तर मी नाही. भाकरी करपतेय, ती बघा."

अनुया रडायला लागली. मी तिला रडू दिलं. घरतांनी तिला विचारलं, लग्न कधी, कुठं, मुलगा काय करतो. मग म्हणाले, "म्हंजे केळवण झालं नाय अजून पोरीचं? मग आज केळवणच." आणि पुन्हा आत गेले. मी पाट काढला, समईला वात घातली, पाटाभोवती जमेल तशी रांगोळी काढली. त्यांनी नारळ फोडून दूध काढलं, त्यात गूळ विरघळवला. भाकरी, वाल, अंड्याची पोळी, आणि गोड म्हणून नारळाचं दूध. असं केळवण तुझ्या व्याह्यांनी ऐकलंही नसेल. तुझी लेक चार भाकऱ्या जेवली. हे तिच्या आईला सांगू नकोस, पोरगी सध्या डाएट का काय ते करतेय.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, माझी ओटी भर." मी थांबले. बाळू, आपल्या घरातली एवढी लग्नं-मुंजी झाली, त्या प्रत्येकात मी पानं मांडली, पाणी वाढलं, मागचं आवरलं. ओटी भरायला मला कधी कुणी पुढे बोलावलं नाही. लग्न न झालेली बाई, मी सवाष्ण नव्हते ना. मला या चालीचं कौतुक नाही, तेव्हाही नव्हतं. बाईचा आशीर्वाद तिच्या नवऱ्यावर अवलंबून असतो असं मी वर्गात कुणा मुलीला कधी शिकवलं नाही. हेच मी अनुयाला सांगितलं. ती म्हणाली, "मला ते काही माहीत नाही. तूच भर." आणि पंजाबी ड्रेसची ओढणी पसरून समोर उभी राहिली. मी तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. कुंकू जरा वाकडं लागलं. पुसायचं नाही असं तिला बजावलं आहे. घरी येईल तेव्हा बघ.

मग तिने जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं, घरतांनीही नाही. ओटीतले चिमूटभर तांदूळ घेऊन ती आत गेली. ते परात धूत होते. त्यांचा ओला हात धरून तिने त्यावर तांदूळ ठेवले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, ही माझ्या लग्नाची अक्षत. आत्याला घेऊन यायचं." त्यांनी मूठ मिटली आणि किती तरी वेळ तशीच ठेवली. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं आहे, पण आज ते पथ्य दोघांनीही पाळलं नाही.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. लग्नाला आम्ही दोघं येणार. नवरीने स्वतः अक्षत दिली आहे, त्यावर तुझं काही चालत नाही. पत्रिका पाठवलीस तर दोघांच्या नावाने पाठव. नाही पाठवलीस तर आम्हाला हॉलचा पत्ता ठाऊक आहे. रुखवत करायला मी चार दिवस आधी नक्की येईन, पण हेही येतील, आणि तुमच्या घरी जागा नसेल तर ठाण्याला यांचा एक जुना एसटीवाला मित्र आहे, तिथे उतरू. व्याह्यांनी विचारलं तर मी जे आहे ते सांगेन. त्यांना आवडलं नाही तर ते लग्नाआधीच कळलेलं बरं, आपली मुलगी कुठे पडते आहे ते तरी समजेल.

पंगतीत आम्हाला कुठेही बसव, शेवटच्या रांगेत बसव. फक्त शेजारी शेजारी बसव. आणि वाढायला तू स्वतः ये.

ते जमणार नसेल तर आधी एखाद्या रविवारी इकडे ये. कळवू नकोस, नेहमीसारखा अचानक ये. अकराच्या सुमारास पोचशील असा नीघ. भाकरी गरम असते.

अनुया आत चुळबुळ करायला लागलीय. तिला उठवते, चहा देते. सौ. कुमुदला आशीर्वाद. तू लहान आहेस, रागावला असलास तरी तुलाही.

खाली सही करते आहे ती नीट वाच. पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, दारावरच्या पाटीवर माझं जुनंच नाव आहे आणि तेच राहणार. हे नाव मी अजून कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा तुला लिहिते.

तुझी ताई,
वसुंधरा शिवराम घरत